साचा, स्मृती आणि ऋण : एकसारख्या कृत्रिम देहांच्या व्यक्तित्वाचा प्रश्न

१

रोनाल्ड डी. मूर यांनी नव्याने घडवलेली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २००३ मधील एका लघुमालिकेने सुरू झाली आणि मार्च २००९ मध्ये संपली. १९७८ च्या मूळ मालिकेतील ‘सायलॉन’ हे धातूचे यंत्रसैनिक होते. नव्या मालिकेत त्यांना रक्तामांसाचा मानवी देह मिळाला. या मानवदेही सायलॉनांचे नमुने मोजकेच आहेत, मात्र त्यांतील बहुतेक नमुन्यांच्या असंख्य प्रती आहेत. चेहरा तोच, आवाज तोच आणि नावाच्या जागी क्रमांक. एखादी प्रत मेली की तिची सारी स्मृती दूरच्या पुनरुज्जीवन-नौकेत पोचते आणि तीच प्रत तशाच दुसऱ्या देहात डोळे उघडते. अशा जीवांच्या संदर्भात ‘व्यक्ती’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता येईल, हा या मालिकेने निर्माण केलेला मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. मरून नव्या देहात उठलेला जीव हा ‘तोच’ कशावरून, ही पहिली बाजू. एकाच क्षणी वावरणारे दोन समरूप जीव ‘दोन’ कशावरून, ही दुसरी. पाश्चात्त्य तत्त्वचिंतनात जॉन लॉकने राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेल्याची कल्पना करून पहिल्या बाजूचे उत्तर स्मृतीत शोधले. १९८४ मध्ये डेरेक पार्फिटने दोन्ही बाजू एकत्र आणून असे सुचविले की, तादात्म्याचा प्रश्न वाटतो तितका महत्त्वाचा नाही. भारतीय परंपरेत हाच वाद ‘प्रत्यभिज्ञा’ या संज्ञेभोवती झाला. ‘तोच हा देवदत्त’ या ओळखीच्या अनुभवावरून नैयायिकांनी स्थिर आत्मा सिद्ध करू पाहिला. बौद्धांनी त्यावर दिव्याच्या ज्योतीचा आणि कापून पुन्हा वाढलेल्या केसांचा दाखला दिला. तेथेही ‘तेच हे’ असे वाटते, परंतु ते निव्वळ सादृश्यामुळे वाटते. सायलॉन म्हणजे या बौद्ध आक्षेपाला मिळालेला देहच होय. त्यांच्या बाबतीत सादृश्य इतके पूर्ण आहे की ओळखीचा कोणताही अनुभव विश्वासार्ह उरत नाही.

मालिकेचे स्वतःचे घोषित उत्तर ‘मृत्यू’ हे आहे. मरण अटळ झाल्याखेरीज सायलॉनांना व्यक्तित्व लाभत नाही, असे ती अखेरच्या पर्वात सांगू लागते. मालिकेतील सर्वांत सकस प्रसंग मात्र वेगळ्या दिशेने जातात. स्मृती, मृत्यू आणि प्रत्यभिज्ञा या तिन्ही निकषांना ते अपुरे ठरवतात आणि चौथ्या एका निकषाकडे बोट दाखवतात. त्या निकषाला मराठीत ‘ऋण’ हा शब्द उपलब्ध आहे.

२

समरूपता ही यंत्रयुगाची निर्मिती आहे, हा समज प्रथम तपासला पाहिजे. जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. उज्जयिनीहून प्रतिष्ठानकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील हे नगर सातवाहनकाळात भरभराटीस आलेले होते. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तान्त १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. तेर, पैठण, भोकरदन या परिसरातील सातवाहनकालीन मृण्मूर्तींत दुहेरी साच्याचे तंत्र दिसते. मूर्तीचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून काढायचा, मग दोन्ही अर्धे जोडून भाजायचे. एका साच्यातून अशा कितीही मूर्ती निघू शकतात. एकसारख्या कृत्रिम देहांची निर्मिती या भूमीला सुमारे दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.

भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा अवशेषही मिळाला. पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले. तेरच्या हस्तिदंती मूर्तीचाही या संदर्भात उल्लेख होतो. पाँपेईच्या मूर्तीचे मूळ स्थान कोणते याविषयी मतभेद आहेत. तिच्यावर खरोष्ठी अक्षरखूण असल्याने काहींनी ते वायव्येकडे शोधले, तर भोकरदनच्या अवशेषामुळे ते दख्खनमध्ये असावे असे मत पुढे आले. या मूर्ती साच्यातल्या नव्हेत, कोरलेल्या आहेत. एका कारागिरीच्या संकेतांनी त्यांना एकमेकींच्या जवळ आणले आहे. तरीही आज त्यांची अदलाबदल करण्याची कल्पना कोणालाही मान्य होणार नाही. त्यांपैकी एक इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गेली. दुसरी केळणेच्या काठच्या मातीत राहिली. त्यांचे वेगळेपण त्यांच्या घडणीत शोधून सापडत नाही. घडून झाल्यावर त्यांच्या वाट्याला जे आले त्यात ते आहे.

वस्तूंच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे ठरते. वस्तूचा इतिहास वस्तूला स्वतःला ठाऊक नसतो, तो दुसऱ्याने लिहायचा असतो. सायलॉनाला मात्र स्वतःचा इतिहास ठाऊक आहे आणि तो इतिहास दुसऱ्या प्रतीला देताही येतो. प्रश्नाची खरी अडचण येथे सुरू होते.

३

या दृष्टीने क्रमांक आठच्या दोन प्रती महत्त्वाच्या आहेत. ग्रेस पार्क या एकाच अभिनेत्रीने दोघींची भूमिका केली आहे. पहिली शॅरन व्हॅलेरी ऊर्फ ‘बूमर’. ती गॅलॅक्टिका या युद्धनौकेवर वैमानिक आहे आणि आपण सायलॉन आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नाही. अंतर्मनात पेरलेल्या आज्ञेमुळे ती आपल्या सेनापतीवर, अडामावर, गोळी झाडते. पुढे नौकेवरील एक स्त्री तिला ठार करते आणि बूमर सायलॉनांमध्ये पुन्हा जागी होते. दुसरी आठ उद्ध्वस्त कॅप्रिका ग्रहावर बूमर असल्याची बतावणी करून कार्ल अगाथॉन ऊर्फ हीलो याच्याबरोबर हिंडते, त्याच्या प्रेमात पडते, आपल्या लोकांकडे पाठ फिरवते आणि हेरा या मुलीला जन्म देते. मानवी सैन्यात दाखल झाल्यावर तिला ‘अथीना’ हे नाव मिळते.

दोघींत स्मृतीचा संबंध गुंतागुंतीचा आहे. अथीनाची पहिली ओळखच उसनी आहे. हीलोला जी शॅरन माहीत होती, ती बूमर होती. तरीही कॅप्रिकावरील काही आठवड्यांत जे घडते ते उसने राहत नाही. याउलट, २००८ मधील एका भागात एक वेगळीच आठ हीलोच्या समोर येते. अथीना एकदा मरून पुनरुज्जीवित झाली तेव्हा तिच्या ज्या आठवणी सायलॉनांच्या सामायिक साठ्यात गेल्या, त्या या आठने स्वतःत घेतल्या आहेत. हीलोच्या सवयी तिला ठाऊक आहेत, त्याच्या देहाची ओळखही तिला आहे. संसाराची सर्व स्मृती तिच्यापाशी आहे आणि संसार मात्र तिचा नाही. लॉकच्या कसोटीवर ती अथीना ठरायला हवी. हीलोला आणि प्रेक्षकालाही ती तशी वाटत नाही. हीलोची त्या प्रसंगातली अस्वस्थता अर्थपूर्ण आहे. समोरच्या स्त्रीला सर्व काही आठवते आहे, पण त्या आठवणींपायी तिने काहीही गमावलेले नाही.

अथीनाचे ते मरण कशासाठी होते, हे येथे आठवावे लागते. मुलगी सायलॉनांच्या ताब्यात आहे असे कळल्यावर ती नवऱ्यालाच स्वतःवर गोळी झाडायला सांगते. मेले की शत्रूच्या नौकेवर जाग येईल आणि मुलीला परत आणता येईल, असा तिचा हिशेब असतो. सायलॉनांच्या लेखी पुनरुज्जीवन ही केवळ सोय होती. येथे तीच सोय आईच्या प्रवासाचा मार्ग बनते. एकच यंत्रणा, एकच साचा, आणि तरीही या मरणाचा अर्थ दुसऱ्या कोणत्याही आठच्या मरणाला लागू होत नाही. या मरणाची आठवण पुढे दुसरीने घेतली, पण ते मरण ज्या बांधिलकीतून आले ती तिला घेता आली नाही.

मराठीच्या वाचकाला या ठिकाणी एक उलटे उदाहरण सहज स्मरेल. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे स्थान ज्यांच्या वास्तव्यामुळे महानुभावांना पूज्य आहे, त्या चक्रधरांचे चरित्रच पुनरुत्थानाने सुरू होते. परंपरेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देहत्याग केला आणि गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केला. चितेकडे निघालेला देह उठून बसला. सायलॉनाचा देह नवा आणि स्मृती जुनी. येथे देह जुना आणि आतला पुरुष नवा. त्या देहाबरोबर देहाची नातीही आली. पत्नी कमळाइसा होती, घर होते, द्यूताचा नाद होता. द्यूतातील देणे फेडण्यासाठी पत्नीने अलंकार देण्याचे नाकारले, तो प्रसंग उद्वेगाला निमित्त झाला आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सुटले, असे ‘लीळाचरित्र’ सांगते. श्रद्धेच्या दृष्टीने या कथेचा अर्थ वेगळा आहे आणि तो येथे विचारार्थ घेतलेला नाही. कथनाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, देहाची ओळख पटणे पुरेसे ठरत नाही आणि देहाबरोबर आलेली देणी त्या नव्या पुरुषाला टाळता येत नाहीत. ती निस्तरूनच किंवा तोडूनच त्याला स्वतःच्या नावाकडे जाता येते. म्हाइंभटांनी केलेल्या या चरित्राची मूळ पोथी पुढे नष्ट झाली व अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, अशीही परंपरा आहे. वेगवेगळ्या स्मरणांतील पाठभेद तेव्हा ‘वासना’ म्हणून नोंदले गेले. मूळ हरवल्यावर प्रतींनी एकरूपतेचा आव आणला नाही, ही त्या संप्रदायाची वाङ्मयीन प्रामाणिकता उल्लेखनीय आहे.

४

स्मृती अपुरी पडते, तर प्रत्यभिज्ञा पुरेशी आहे काय? समरूपांमधून एकाला ओळखण्याची भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध कथा महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात आहे. रघुनाथ पंडितांच्या आख्यानाने ती मराठीत रुजवली. स्वयंवरमंडपात दमयंतीसमोर पाच नल बसलेले असतात, एक खरा आणि चार देव. देवांची लक्षणे सर्वांना माहीत आहेत. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, हार कोमेजत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत. नलाचा हार कोमेजलेला, अंगावर धूळ आणि घाम, पायांखाली जमीन. नश्वरता हीच नलाची खूण आहे, आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या अखेरच्या पर्वाचा सिद्धान्त याच खुणेवर उभा आहे.

परंतु उपाख्यानातील क्रम बारकाईने पाहिला पाहिजे. या खुणा आरंभी दिसतच नाहीत. देवांनी आपली लक्षणे लपवलेली असतात. आपण मनाने नलाला वरले आहे, या सत्याची आण दमयंती घालते आणि मग देव आपापली लक्षणे प्रकट करतात. नश्वरतेच्या खुणेने नल ओळखला गेला हे खरे, पण ती खूण दृश्य झाली ती दमयंतीच्या बांधिलकीमुळे. उपाख्यानाचा उत्तरार्ध हा मुद्दा आणखी पुढे नेतो. तेथे नलाचे रूप पालटलेले आहे. बाहुक या नावाने तो ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे. आधी पाच देहांवर एक चेहरा होता, आता एका माणसावर परका चेहरा आहे. दमयंती त्याला ओळखते ती त्याच्या कृतींवरून : रथ हाकण्याची तऱ्हा, त्याने रांधलेल्या मांसाची चव, मुलांना पाहून त्याला आलेले रडू. रूप एक असो वा पालटलेले असो, ओळख रूपावर ठरत नाही.

मालिकेत या कथेचा जणू भंग होतो. २००९ मधील एका भागात बूमर गॅलॅक्टिकावर येते, अथीनाला मारहाण करून बांधते आणि तिचे सोंग घेऊन हीलोबरोबर शय्यासोबत करते. बांधलेली अथीना ते सारे पाहत असते. हीलोला फरक कळत नाही. दमयंतीला जे साधले ते प्रेमळ, निष्ठावान हीलोला साधत नाही. या प्रसंगाकडे निव्वळ धक्कातंत्र म्हणून पाहण्याचा मोह होईल, पण त्याचा आशय गंभीर आहे. व्यक्तित्व जर ओळखणाऱ्याच्या हाती असते, तर त्या रात्री अथीना नाहीशी झाली असती. ती होत नाही. ओळख चुकते आणि व्यक्ती उरते. आठव्या नमुन्याच्या त्या दोन स्त्रियांतील भेद हीलोच्या दृष्टीपुढे नव्हता, तरी तो होताच.

उलट बाजूने, चुकीची ओळख माथी मारण्याची उदाहरणे मालिकेत याहून आधीची आहेत. अथीना अडामासमोर प्रथम येते तेव्हा तो तिचा गळा आवळतो. त्याच्यावर गोळी झाडणारी दुसरी होती, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या लेखी गौण असते, कारण चेहरा तोच असतो. एकाच नमुन्याच्या सर्व प्रतींना एकाच प्रतीच्या कृत्यासाठी जबाबदार धरणे हे युद्धकाळातील मानवांना स्वाभाविक वाटते. अशी दृष्टी विज्ञानकथेपुरती मर्यादित नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सत्तेने अनेक समाजांतील माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी ती दृष्टी त्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात पोलीस आणि गाव यांच्या नजरेपुढे त्या जमातीतील प्रत्येक माणूस आधी नमुना असतो. त्याला स्वतःचे कृत्य असू शकते हे मान्य व्हायला विलंब लागतो. सायलॉन आणि विमुक्त यांची तुलना करणे अनुचित होईल, कारण विमुक्तांना कोणी साच्यातून काढलेले नाही. साचा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. तुलना या डोळ्यांची आहे. ‘सगळे सारखेच’ या उद्गाराने माणसाकडून हिरावले जाते ते केवळ नाव नव्हे. स्वतःच्याच कृत्याबद्दल, आणि केवळ त्याबद्दलच, उत्तरदायी असण्याचा अधिकार हिरावला जातो. आत्मकथनाचे ‘मी’ हे सर्वनाम तो अधिकार परत मागते.

५

आता मालिकेच्या घोषित सिद्धान्ताकडे वळता येईल. अखेरच्या पर्वात सायलॉनांमध्ये फूट पडते. क्रमांक सहाच्या एका प्रतीचे, नॅटलीचे, म्हणणे असे की, जीवनाला अर्थ यायचा तर मरण खरे असले पाहिजे. त्यानुसार २००८ मधील भागात मानव आणि बंडखोर सायलॉन मिळून पुनरुज्जीवनाचे केंद्र उद्ध्वस्त करतात. यानंतर मेलेला सायलॉन परत येत नाही.

हा सिद्धान्त आकर्षक आहे. त्याच्यामागे पाश्चात्त्य अस्तित्ववादाचा वारसाही आहे. पण मालिकेचाच पुरावा त्याच्या विरोधात जातो. अथीना ही केंद्र नष्ट होण्यापूर्वीच अथीना झालेली होती. सायलॉनांत प्रत्येक नमुना एकमताने मत देतो. हा प्रघात मोडून बूमरने स्वतःच्या सर्व समरूप भगिनींच्या विरोधात मत दिले, तेही पुनरुज्जीवन शाबूत असताना. तिचे ते मत नैतिक दृष्ट्या निंद्य पक्षाला बळ देणारे होते, ही गोष्ट उलट महत्त्वाची आहे. व्यक्तित्व म्हणजे सद्गुण नव्हे. साच्याशी फारकत चुकीच्या दिशेनेही होऊ शकते, आणि तिची किंमत ज्याची त्याला द्यावी लागते.

मृत्यूमुळे व्यक्तित्व निर्माण होत नाही, तर मग मृत्यूचे स्थान काय? त्याचे उत्तर बूमरच्या शेवटात मिळते. मालिकेच्या अंतिम भागात ती पळवून नेलेली हेरा अथीनाच्या हाती परत देते. या कृतीच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. ती नवखी वैमानिक असताना अडामाने तिच्या चुका पोटात घालून तिला आणखी एक संधी दिली होती, आणि त्याच माणसावर तिने पुढे गोळी झाडली होती. मुलगी परत करून ती ते देणे फेडते आणि तसे सांगूनही टाकते. अथीना तिला क्षमा करत नाही, गोळी झाडते. आता पुनरुज्जीवन नाही. बूमर मरते ती क्रमांक आठची एक प्रत म्हणून मरत नाही. ज्याचे देणे होते त्याला ते पोचते करून मरते. मृत्यूने तिचे व्यक्तित्व घडवले असे म्हणता येत नाही. ते आधीच घडलेले होते. मृत्यूने फक्त हिशेब पुन्हा उघडता येणार नाही अशी तजवीज केली.

ऋणाची संकल्पना येथे वापरण्याचे कारण एवढेच की, ती उरलेल्या तिन्ही निकषांना जोडते आणि त्यांच्या मर्यादाही दाखवते. आठवण दुसऱ्याला वाटता येते. ज्या आठने अथीनाच्या स्मृती घेतल्या, तिने हे सिद्ध केले. ऋण तसे वाटता येत नाही. ते ज्याने घेतले त्याचेच राहते, आणि दुसऱ्याच्या माथी मारले तर तो अन्याय होतो. ओळख चुकू शकते. ऋण ओळखणाऱ्याच्या चुकीने नाहीसे होत नाही. पुनरुज्जीवित देहाला मरण नसले तरी त्याला देणी असतात. मराठीत ‘ऋणानुबंध’ हा शब्द नात्यासाठी इतक्या सहजपणे वापरला जातो की त्यातील ‘ऋण’ जवळजवळ ऐकू येत नाही. एकसारख्या देहांच्या या कथेने तो अर्थ पुन्हा ऐकू येतो, कारण तिच्यात रूप, आवाज आणि स्मृती ही सर्व आश्रयस्थाने काढून घेतलेली आहेत.

विज्ञानकथेची समीक्षा करताना तिच्यातील विज्ञान कितपत संभाव्य आहे हे तपासले जाते. ते तपासावेही. मात्र अशा कथेने कल्पिलेल्या अशक्य परिस्थितीचा उपयोग वेगळा असतो. व्यक्तित्वाला आधार देणारे एकेक गृहीत ती काढून टाकते आणि शेवटी काय उरते ते पाहते. या मालिकेने मृत्यूला त्या शिल्लकीचे नाव दिले. तिच्या प्रसंगांनी दिलेले उत्तर त्याहून अवघड आहे : साचा एकच असताना दोन जीव वेगळे होतात ते कोणी कोणाचे देणे लागतो यावरून, आणि ते देणे ज्याचे त्यालाच फेडावे लागते.